बदनापूरवरून गेलेलं वादळ

बदनापूर तालुक्यात बंदर आहे असं कोकणातल्या पाहुण्याला सांगितलं की तो आधी हसतो. जवसगाव-दरेगावच्या शिवारात जवाहरलाल नेहरू बंदराच्या ड्राय पोर्टचं भूमिपूजन २०१५ च्या डिसेंबरात झालं, तेव्हापासून ही थट्टा आम्ही ऐकून घेतो. मुंबईचा समुद्र इथून सरळ रेषेत तीनशे किलोमीटर, बंगालचा उपसागर जवळजवळ सातशे. पाण्याचं म्हणाल तर दुधना आणि सोमठाण्याचं धरण. तरीसुद्धा समुद्रावरच्या वादळांबद्दल लिहायला बदनापूर ही जागा वाटते तितकी गैरलागू नाही. २०२१ च्या सप्टेंबरात एक वादळ मराठवाड्यावरून, एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात गेलं.

त्याचं नाव 'गुलाब'. २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी ते कलिंगपट्टणम आणि गोपाळपूर यांच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं. जमिनीवर आलेलं वादळ एरवी दिवस-दोन दिवसांत विरतं. हेही मंदावलं, पण मेलं नाही. तेलंगणातून सरकत २७ आणि २८ तारखेला मराठवाड्यावर आलं आणि इथं जे कोसळलं ते अजून लोकांच्या बोलण्यात आहे. मांजरा धरणाचे अठराच्या अठरा दरवाजे उघडावे लागले. काढणीला आलेलं सोयाबीन उभ्या रानात शेंगेतच मोडाला आलं, कापसाची बोंडं काळी पडली. पंचनामे सुरू झाले, आणि वर्तमानपत्रांतून 'गुलाब' नाहीसं झालं.

वादळ मात्र संपलेलं नव्हतं. उरलेला कमी दाब उत्तर महाराष्ट्र ओलांडून खंबातच्या आखाताकडे उतरला, तिथं त्याला पुन्हा कोमट पाणी मिळालं, आणि १ ऑक्टोबरला अरबी समुद्रात त्याचं नव्यानं चक्रीवादळ झालं. आता नाव 'शाहीन'. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर सुवैकजवळ आदळलं. एकाच वादळाला दोन नावं कशी, तर मधे ते इतकं क्षीण झालं होतं की नियमाप्रमाणे दुसऱ्या समुद्रातला त्याचा जन्म नवा धरला गेला. नावं या भागातल्या तेरा देशांनी दिलेल्या याद्यांतून क्रमानं येतात. 'गुलाब' पाकिस्ताननं सुचवलेलं, 'शाहीन' कतारनं. आंध्र-ओडिशाच्या सीमेवर एका नावानं उतरायचं, वाटेत जालना-परभणीला भिजवायचं आणि मस्कतच्या शेजारी दुसऱ्या नावानं जायचं, असा हा प्रवास.

मला यात गंमत वाटते ती वाटेची. ही वाट जुनी आहे. पूर्व दख्खनमधून निघून पैठणच्या आसपास गोदावरीच्या खोऱ्यात यायचं, मग वायव्येला गुजरातच्या आखाताकडे, आणि तिथून अरबस्तान. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडचा माल याच अंगानं जात होता. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हे पहिल्या शतकातलं ग्रीक खलाश्याचं टिपण त्याची नोंद करतं. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगर म्हणजे तेरहून तलम कापड गाड्यांत घालून बरीगाझाला, म्हणजे भडोचला, नेलं जाई. कल्याण आणि चौल या बंदरांचीही नावं त्यात आहेत.

जालना जिल्ह्याचा या व्यापाराशी असलेला संबंध भोकरदनला जमिनीतून निघाला. बदनापूरपासून उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवरचं हे गाव म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत इथल्या लोकांचा उल्लेख येतो. १९७३ मध्ये इथं उत्खनन झालं, शां. भा. देव आणि रमेश गुप्ते यांनी ते केलं. त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. हिची बहीण शोभावी अशी दुसरी हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेखाली मिळाली होती, ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. वीतभर उंचीची, अंगावर दागिन्यांखेरीज फारसं काही नाही, दोन्ही बाजूंना दोन लहान दासी. तेरलाही याच घराण्यातली मूर्ती मिळाली. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलं, म्हणजे ती बाई त्याआधी समुद्र ओलांडून गेली होती. ती नेमकी भोकरदनचीच होती असं कुणी छातीठोक सांगणार नाही. पण या परिसरातल्या कारागिरांच्या हातचं काम समुद्रापार गेलं, एवढं म्हणायला हरकत नसावी.

ती गेली कशी, हा खरा प्रश्न. पेरिप्लस सांगतं की इजिप्तहून भारताकडे यायचं तर जुलैत निघावं. जहाजं नैर्ऋत्य मान्सूनच्या पाठीवर बसून येत, आणि किनाऱ्याला लागेपर्यंत पावसाचा जोर ओसरलेला असे. परतायचं ते हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर. हे गणित दोन्ही बाजूंनी अडचणीचं आहे. लवकर पोचलात तर कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावर पावसाळी लाटांत जहाज फुटणार, आणि उशीर केलात तर परतीच्या वाऱ्याआधीची वादळं गाठणार. किनाऱ्यावरच्या इतिहासात लढाया आणि आरमारं पुष्कळ सांगितली जातात. माझ्या मते त्या इतिहासाचा कणा म्हणजे निघायचं कधी आणि परतायचं कधी हे ठरवणारं वेळापत्रक, आणि मोठ्या दुर्घटना बहुतेक वेळा हे वेळापत्रक कुणीतरी मोडल्यामुळे झाल्या आहेत.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, फक्त उलटं करून सांगावं लागतं. मृग लागला की आमचा हंगाम उघडतो आणि कोळ्यांचा बंद होतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते. पण कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून होड्या वर ओढून, झापांनी शाकारून ठेवायची रीत होतीच. समुद्र पुन्हा उघडतो तो नारळी पौर्णिमेला नारळ वाहून. तोवर इकडे कपाशीची दुसरी खुरपणी चालू झालेली असते.

पण पावसाळाभर समुद्र खवळलेला असतो, म्हणून चक्रीवादळंही पावसाळ्यातच होत असतील, हा समज चुकीचा. चक्रीवादळांचे हंगाम दोन, आणि दोन्ही पावसाळ्याच्या काठावरचे: मे ते जूनचा पहिला पंधरवडा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. भर जुलैत चक्रीवादळ क्वचितच. कारण असं. चक्रीवादळाला लागतं साधारण २६.५ अंशांच्या वर तापलेलं समुद्राचं पाणी. त्याची वाफ वर चढते, थंड होऊन ढग होतात, आणि वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते ती हवेला आणखी वर ढकलते. खाली दाब उतरतो, भोवतालची हवा तिकडे धावते, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती सरळ न जाता आपल्या गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेनं वळते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे गेला की त्याला नाव मिळतं. मात्र हे सगळं ढगांचा उभा खांब शाबूत राहिला तरच. जुलै-ऑगस्टमध्ये खाली पश्चिमेचा मान्सून वारा असतो आणि वर, बारा-पंधरा किलोमीटरवर, पूर्वेकडून येणारा जबरदस्त वारा. कडब्याची गंजी बुडाला एकीकडे आणि शेंड्याला दुसरीकडे ओढली तर उभी राहील का? वादळाचंही तेच होतं. पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना हा ओढाताणीचा जोर कमी असतो, पाणी तापलेलं असतं, आणि वादळाला उभं राहायला जागा मिळते. नेमकी हीच आमची पेरणीची आणि काढणीची वेळ.

मराठ्यांच्या आरमाराला हे वेळापत्रक पाठ होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात पावसाळ्यातल्या छावणीचा विचार आहे: गलबतं किल्ल्याच्या आश्रयाच्या बंदरात ठेवावीत, आणि दर वर्षी एकाच बंदरी ठेवू नयेत. किल्ला शत्रूसाठी, आणि बंदर बदलायचं ते तिथल्या रयतेसाठी, कारण चार महिने रिकामे बसलेले आरमारी लोक गावाला जड होतात.

वादळाचा संबंध राज्यकारभाराशी कसा येतो, याचं माझं आवडतं उदाहरण मात्र रायगडावरचं आहे. १६७४ च्या जूनमध्ये राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन आला होता. त्याला तह करायचा होता. मागण्यांच्या यादीत एक कलम असं की इंग्रजांची जहाजं वादळानं फुटून महाराजांच्या किनाऱ्याला लागली तर जहाज आणि माल त्यांना परत मिळावा. बाकी बहुतेक कलमं मान्य झाली, हे अडलं. ऑक्झिंडननं स्वतःच लिहून ठेवलेलं उत्तर असं की वादळानं किनाऱ्याला लागलेला माल परत करणं कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, आणि एकदा इंग्रजांना ही सवलत दिली की फ्रेंच, डच आणि बाकीचेही ती मागायला येतील. पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज मोडायचा नाही, आणि परक्या व्यापाऱ्यांत एकाला झुकतं माप द्यायचं नाही, अशा दोन गोष्टी त्या नकारात आहेत. राज्याभिषेकाचं वर्णन शाळेत आपण किती वेळा वाचलं असेल! फुटलेल्या जहाजांवरची ही घासाघीस त्यात कुठं येत नाही.

शिडाच्या जहाजाला वेळापत्रक पाळावंच लागे, वाराच नसेल तर जाणार कुठं? वाफेचं इंजिन आलं आणि माणसाला वाटलं, आता वाऱ्याची परवानगी लागत नाही. नोव्हेंबर १८८८ मधली 'वैतरणा' ही या समजुतीची पहिली मोठी किंमत. कच्छच्या मांडवीहून मुंबईला येणारी ही आगबोट. विजेचे दिवे असल्यामुळे लोक तिला 'वीजळी' म्हणत. ८ नोव्हेंबरला ती निघाली, द्वारकेला आणखी उतारू घेतले. पोरबंदरला हवा बिघडलेली, तिथं न थांबता ती पुढे मुंबईच्या दिशेनं गेली. मांगरोळच्या किनाऱ्यावरून ती दिसल्याचं सांगतात, त्यानंतर नाही. सातशेहून जास्त माणसं होती. त्यांत लग्नाची वऱ्हाडं होती आणि मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं होती. चौकशीत निघालं की एवढ्या माणसांना पुरतील इतक्या जीवरक्षक नावाच बोटीवर नव्हत्या. बोटीचा सांगाडाही कधी मिळाला नाही. कप्तान कासम इब्राहिमचं नाव गुजरातीत गाण्यांतून राहिलं.

'वैतरणा' बुडाली तेव्हा देशात वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था नव्हती असं नाही. ऑक्टोबर १८६४ मध्ये कलकत्त्यावर आलेल्या वादळात हजारो माणसं मेली, तेव्हा सरकारला जाग आली. १८६५ पासून कलकत्ता बंदरात इशारे देणं सुरू झालं, आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. आजही बंदरावर जो बावटा चढतो तो याच परंपरेतला. एक ते अकरा नंबर. पहिले दोन म्हणजे वादळ लांब समुद्रात आहे, तीन-चार म्हणजे या बंदराला त्रास होऊ शकतो, पाचापासून पुढे धोका, आठ ते दहा महाधोका, आणि अकरा म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला, आता तुमचं तुम्ही पाहा. दिवसा शंकू आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा डोलकाठीवर चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे. कोकणातल्या बातम्यांत 'तीन नंबरचा बावटा लागला' हे वाक्य वारंवार येतं.

इथं एक गोष्ट साफ करून टाकायला हवी. इंग्रजी याद्यांत आणि त्यांवरून मराठीतही एक वादळ वर्षानुवर्षं फिरतं आहे: जून १८८२, मुंबई, एक लाख मृत्यू. हे वादळ झालेलंच नाही. अभ्यासकांनी मुंबईची त्या काळची वर्तमानपत्रं आणि हवामानाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असं काही आढळलंच नाही. खरं तर साधा हिशेब पुरेसा होता. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती ७ लाख ७३ हजार. त्यातली एक लाख माणसं एका दिवसात गेली असती तर गावात प्रत्येक आठ माणसांमागे एक नाहीसा झाला असता, आणि त्याची साधी बातमीही नाही? एकानं लिहिलं, दुसऱ्यानं उतरवून घेतलं, एवढंच. आणि मुंबईवर आलेली खरी वादळं मात्र कुणाला आठवत नाहीत. मे १६१८ मध्ये वसई-मुंबईवर आलेलं वादळ पोर्तुगीजांनी नोंदवलं आहे. १ नोव्हेंबर १८५४ च्या वादळात मुंबई बंदरात चार तासांत हजारएक माणसं गेल्याची नोंद आहे. पुन्हा तारखा पाहा: मे, नोव्हेंबर.

'रामदास'ची गोष्ट वेगळी. १७ जुलै १९४७, स्वातंत्र्याला महिना उरलेला. अवस होती, म्हणजे समुद्राला उधाणाची भरती. सकाळी आठला भाऊच्या धक्क्यावरून ही बोट रेवसला निघाली. अर्ध्या-पाऊण तासात काशाच्या खडकाजवळ वाऱ्यापावसाच्या झोताबरोबर एक मोठी लाट बोटीवर चढली. पाण्यापासून वाचायला माणसं एका बाजूला धावली, वजन एकीकडे गेलं आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नसल्यामुळे मुंबईला बातमी कळायला दुपार उलटली. त्याआधीच रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून हाताला लागतील तितकी माणसं वर ओढली होती. 'रामदास'ला नेहमी 'वादळात बुडालेली बोट' म्हणतात, पण जुलैत चक्रीवादळ नव्हतं. होता तो रोजचाच पावसाळी समुद्र, जो कोळ्यांनी आपल्या हिशेबात बंद धरलेला असतो.

२००९ च्या नोव्हेंबरातल्या 'फयान' चक्रीवादळानं मच्छीमार गाठले ते आधीच खोल पाण्यात गेलेले. तेव्हा म्हणता येत होतं की इशारा पोचला नाही. १७ मे २०२१ ला 'तौक्ते'च्या वेळी तेही म्हणता येत नव्हतं. हवामान खात्यानं कितीतरी दिवस आधीपासून सांगितलं होतं, होड्या किनाऱ्याला आल्या होत्या. मुंबईच्या समुद्रात हीरा तेलक्षेत्रात मात्र 'पी-३०५' हा बार्ज २६१ माणसांसकट तिथंच नांगरून राहिला. नांगर तुटले, बार्ज एका तेलफलाटावर आदळला आणि संध्याकाळी बुडाला. नौदलाच्या 'कोची' आणि 'कोलकाता'नं रात्रभर त्या लाटांत माणसं शोधून काढली. तरीही बार्ज आणि 'वरप्रदा' ही टग मिळून ऐंशीहून अधिक जीव गेले. ज्यांच्याकडे उपग्रहाची चित्रं होती ते राहिले, आणि रेडिओवर बातमी ऐकणारे तांडेल परत आले. याला काय म्हणायचं?

आता पुन्हा जमिनीवर. बंगालच्या उपसागरात वादळं जास्त होतात, अरबी समुद्रात कमी. जुनं प्रमाण साधारण चारास एक. अलीकडे अरबी समुद्रही तापतो आहे आणि तिथली वादळं पूर्वीपेक्षा तीव्र होत आहेत, असं हवामानशास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. आमच्याकडे वारा येत नाही, पाऊस येतो, आणि पाऊस नाही आला तरी आभाळ येतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उपसागरात काही घडलं की इथं दोन-तीन दिवस ऊन पडत नाही. या आभाळाचा मार तुरीला बसतो. फुलोऱ्यातली फुलं गळतात, दमट हवेत शेंगा पोखरणारी अळी वाढते. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राची ओळख तुरीसाठीच आहे. 'बीडीएन ७११' हा इथला वाण साधारण पाच महिन्यांत येतो, म्हणजे जूनमध्ये पेरलेला नोव्हेंबरच्या सुमारास काढणीला. तो लवकर येतो म्हणून शेवटचा पाण्याचा ताण चुकतो, हे त्याचं मोठेपण. पण लवकर फुलतो म्हणून उपसागरातल्या ऑक्टोबरच्या वादळांत सापडायचीही शक्यता असते. उशिरा येणारे वाण ऑक्टोबरातून सुटले तरी नोव्हेंबरातल्या ढगांत सापडतात. कोणता वाण घ्यावा, यावर आमच्याकडे पारावर जो वाद होतो तो खरं पाहता समुद्राबद्दलचाच वाद असतो.

परभणीच्या विद्यापीठाकडून मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. मुंबईच्या धक्क्यावर ज्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे बावटा चढतो, त्याचीच बातमी इथं 'काढलेले सोयाबीन सुरक्षित ठिकाणी झाकून ठेवावे' अशा सरकारी भाषेत येते. सल्ल्यात बंगालच्या उपसागराचं नाव दिसलं की शहाणी माणसं दुपारीच मोंढ्यात जाऊन ताडपत्री घेऊन येतात, कारण संध्याकाळी ती मिळत नाही.